मागच्या कप्प्यातली हवा

शुक्रवार, ४ डिसेंबर १९४२, विश्रामबाग

मंगळवारच्या नोंदीत एक चूक आहे. तिथे मी लिहिलं आहे की चढावर वळणं घेताना मागच्या कप्प्यातल्या एका बाईंना भोवळ आली. ते खरं नाही. आज चाचणीचे आकडे पुन्हा मांडताना लक्षात आलं. भोवळ आली तेव्हा गाडी मलकापूरच्या अलीकडे, चिंचेखाली, कोळसा भरायला उभी होती. चढ नव्हता, वळण नव्हतं, चाकं हलतसुद्धा नव्हती. मग चढाचं मी का लिहिलं? गाडी लागते ती चढावर, असं डोक्यात पक्कं बसलं असणार. अण्णांनी मला घरी शिकवलं तेव्हापासूनचा त्यांचा नियम आहे की चुकलेलं खोडायचं नाही, पुढे तारीख घालून दुरुस्त करायचं. म्हणून मंगळवारचं पान तसंच ठेवते.

पेट्रोलवर रेशन आल्यापासून दादासो थोरवतांच्या सांगली-सातारा मोटारी कोळशावर चालतात. गाडीच्या पाठीला लोखंडी भट्टी, तिच्यात लाकडी कोळसा धुमसत ठेवलेला, आणि त्याचा गॅस नळीतून एंजिनात. भट्टी ताम्हनकर सरांनी काढलेल्या नमुन्याची. मी सरांच्या हाताखाली एम. एस्सी. करते, शाळेत थोडे तास शिकवते, आणि गाडीवरच्या चाचण्या माझ्याकडे आहेत. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसते, कारण मापकं तिथेच आहेत. मागचा कप्पा बायकांचा. त्याला पुढून जाड पडदा, खिडक्यांना कापडी झडपा. पलीकडे लगेच भट्टी. दादासोंना त्या पडद्याचा भारी अभिमान.

"आमच्या गाडीत घरंदाज बायका बसत्यात," ते म्हणतात. "का? तर पडदा हाय. दुसऱ्याच्या गाडीत बाईमानूस उगडं पडतंय."

सरांना दुरुस्ती सांगितली. ते हसले. "विनोदिनी, बायकांना उभ्या बैलगाडीतही भोवळ येते. आपण इंधनाची माणसं. कोळसा किती जळला, गाडी किती धावली, एवढं बघायचं. प्रवाशांची प्रकृती हा आपला विषय नाही."

विषय नाही हे खरंच आहे. तरी इथे लिहून ठेवलं.

बुधवार, ९ डिसेंबर

आज सर वर्गावर आले नाहीत. सकाळी साताऱ्याच्या कचेरीत होते, दुपारी कारखान्यात. त्यांची दया येते. विलायतेहून इंधनशास्त्र शिकून आले तेव्हा कॉलेजात त्यांना एक कोपरा मिळाला होता, छप्पर गळणारा. बाभळीचा कोळसा चांगला की खैराचा, यावर त्यांनी वर्षं घालवली आणि लोक त्यांना कोळसेवाले म्हणून हिणवत राहिले. मग लढाई आली, पेट्रोल गेलं आणि तेच कोळसेवाले सगळ्यांना हवेसे झाले. सरकारने त्यांना या भागाचे इंधन-अधिकारी केलं. कुठली भट्टी गाडीवर चढवायला योग्य, हे आता ते ठरवतात. आणि नव्या वर्षापासून सांगलीतला एक कारखाना त्यांच्याच भट्ट्या बनवणार आहे, तिथे ते मुख्य होतील. कॉलेज, सरकार, कारखाना. एका माणसाला तिन्ही ठिकाणी मान, असं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. मलाही असंच काम करायला मिळावं. हे लिहिताना लाज वाटते, पण मनात आहे ते आहे.

संध्याकाळी माईंकडे, म्हणजे सरांच्या बायकोकडे, गेले होते. पुण्याला भावाकडे निघाल्या आहेत. ऑगस्टपासून आगगाडीचा भरवसा नाही, कुठे रूळ उखडतात, कुठे तारा तोडतात. मी म्हटलं, मोटारीने साताऱ्यापर्यंत जा, मी त्याच गाडीला आहे. तर म्हणाल्या, "नको बाई. ह्यांनी ताकीदच दिलीय. स्टेशनात दोन दिवस बसावं लागलं तरी चालेल, पण आगगाडीनंच जायचं. मला मोटार लागते ना."

सरांना घरातल्यांची किती काळजी! अण्णा वडील असून मला एवढं कधी विचारत नाहीत.

गुरुवार, १७ डिसेंबर

आज पुन्हा सातारा. थंडी कडक. मागच्या झडपा बायकांनी आतून बांधून घेतल्या होत्या.

मलकापूरच्या चिंचेखाली गाडी थांबली. क्लीनर केरबा भट्टीचं झाकण काढून कोळसा ओतत होता, मग निखारा फुलवायला पंखा फिरवत बसला. ड्रायव्हर अर्जुना विडी ओढत माझ्याशी बोलत होता.

"बाई, तुमच्या भट्टीत अफू घालताय काय वो?"

"का?"

"पेट्रोल हुतं तवा मागं बायकांचा निस्ता कालवा. सासूचं गाऱ्हाणं, जावंचं गाऱ्हाणं, एंजिनाचा आवाज ऐकू यायचा न्हाई. आता बगा. कोळसा घातला का चिडीचूप. साताऱ्यात हलवून उठवाय लागतंय."

केरबा पंखा फिरवता फिरवता म्हणाला, "आन गाल कसं लाल हुत्यात! माहेरच्या वाटंला लागल्या की उजळत्यात."

"सासरला येताना बी लालच असत्यात की रं."

"मग तुला बगून लाजत्यात म्हन की, गड्या!"

मलाही हसू आलं. दोन पुरुष बोलत असताना हसायला नको होतं.

साताऱ्यात उतरल्यावर कचेरीत सरांना विचारलं, पुढच्या खेपेला मागे बसून बघू का? म्हणाले, "मग पुढची मापकं कोण वाचणार? आणि तुला वर्गात शिकवलंय. चालत्या गाडीत एंजिन गॅस ओढून घेतं. भट्टीला भोक असलं तर बाहेरची हवा आत शिरते, आतला गॅस बाहेर येत नाही." हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. उगाच विचारलं.

शनिवार, २ जानेवारी १९४३

खूप दिवस लिहिलं नाही. अहवाल पुरा करण्यात गेले.

अहवाल उत्तम झाला असं सर म्हणाले, आणि मग जे म्हणाले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. "यावर सही फक्त तुझी राहू दे. चाचणी तू घेतलीस, नाव तुझं व्हायला हवं." नमुना त्यांचा, कल्पना त्यांची, वर्षानुवर्षांची मेहनत त्यांची, आणि सही माझी! असा मोठेपणा कोण दाखवतो? मी सही केली. त्या अहवालावरून सरांनी अधिकारी म्हणून भट्टीला मंजुरी दिली. कचेरीतला तो त्यांचा शेवटचा दिवस होता. काल ते कारखान्यात रुजू झाले.

मला कारखान्यात चाचणी-विभागात घेणार आहेत. बाईमाणसाला अशी जागा! अण्णांना सांगितलं तर त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

मंगळवार, १९ जानेवारी

हे नीट लिहायला हवं. गडबड करून चालणार नाही.

दादासोंच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. "मास्तरीणबाईंना आना," असा त्यांच्या बायकोचा निरोप होता म्हणून गेले. त्यांच्या माजघरात पंचक्रोशीतल्या बायका जमल्या होत्या, यातल्या कितीतरी जणी मी इतके दिवस पडद्याच्या अलीकडून नेल्या असतील. मला पाहून एकीने विचारलं, "तुमी म्होरं गड्यांत बसता त्या नव्हं? मग तुमास्नी चिंचंची बाधा कशी हुत न्हाई?"

मी विचारलं, कसली बाधा?

तेव्हा सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मलकापूरच्या चिंचेवर काहीतरी आहे. गाडी तिथे थांबली की ते बायकांना धरतं. कपाळ ठणकतं, मळमळतं, पाय कापसागत होतात, झोप येते. पूर्वी नव्हतं, गाडी तिथे थांबायला लागली तेव्हापासूनच आहे.

"त्येची नदर पडती," एकजण म्हणाली. "म्हनून गाडी हुबी ऱ्हायली का आमी झडपा गच्च बांधून घेतो. पडद्याची कड धरून बसतो. फट ठिवायची न्हाई."

मी पाट धरून बसून राहिले. चिंच नव्हे, थांबणं. चालत्या गाडीत एंजिन गॅस ओढून घेतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. उभ्या गाडीत काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. उभ्या गाडीत झाकण उघडं असतं, केरबा पंख्याने वारा घालतो, आणि गॅस सगळ्या फटींतून बाहेर पडतो. भट्टीला टेकूनच बायका, आणि त्या झडपा बांधून घेतात. माझे सगळे आकडे धावत्या गाडीचे आहेत.

कोपऱ्यात एक वयस्क बाई बसल्या होत्या, वाण न घेता. रंगूबाई. त्यांचा मुलगा सयाजी पलटणीत आहे, मिसर देशात.

"माझी सून त्यानंच नेली," त्या म्हणाल्या. "बनू. सातवा लागला हुता. माहेरी सोडाय चाललू हुतू, नाताळाच्या आटवड्यात. माझ्या खांद्यावर मान टाकून निजली. म्हनलं निजंना, दमलीया. साताऱ्यात हलीवली तर उटंना. आन बाई, गाल बगा, डाळिंबागत! जिती हाय आसंच वाटत हुतं. डागदर म्हनला गेली, तर म्या त्येला शिव्या दिल्या."

डाळिंबासारखे गाल. ज्या विषाने रक्त असं लाल होतं, त्याचं नाव मी शाळेतल्या मुलांना फळ्यावर लिहून देते. अर्जुना आणि केरबा त्याच लालीवर विनोद करत होते आणि मी हसले होते.

दादासोंच्या बायकोने माझ्या हातात तिळगूळ ठेवला. काय बोलले ते आठवत नाही.

सोमवार, २५ जानेवारी

नऊवारी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन मागच्या कप्प्यात बसले. कुणाला सांगितलं नाही. अर्जुनानेही ओळखलं नाही. जवळ प्रयोगशाळेतल्या कागदाच्या पट्ट्या होत्या. पॅलेडियम क्लोराइडचं पाणी लावलेला कागद कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे तोच विषारी गॅस, लागला की काळा पडतो.

दादासोंनी आता थांबायची जागा बदलली आहे. चिंचेखाली नारळ फोडला आणि गाडी पुढे विहिरीपाशी उभी करतात. बायका कुजबुजत होत्या की ते आता गाडीच्या मागे मागे यायला लागलंय. विहीर आली. झडपा बांधल्या गेल्या. पट्टी काळी पडली. दुसरी काढली, तीही पडली. मी झडप सोडायला हात घातला तर शेजारच्या बाईंनी माझं मनगट धरलं. "आगं बया, काय करतीस? बगंल की!" मी म्हटलं, हवा येऊ दे. त्या म्हणाल्या, "वाईच कळ काड. आत्ता निगंल गाडी." माझ्याच काळजीने म्हणत होत्या.

पुढे कपाळ इतकं ठणकलं की कागद धरवेना. हे सगळं घरी येऊन लिहिते आहे. अक्षर वाकडं येतं आहे, त्याला इलाज नाही.

मंगळवार, २६ जानेवारी

पट्ट्या घेऊन सरांच्या घरी गेले. वाटेत मनाशी ठरवलं होतं की सरांना धक्का बसेल, तर आधी बसायला सांगून मग हळूहळू सांगायचं.

त्यांना धक्का बसला नाही. पट्ट्या उजेडात धरून बघितल्या आणि परत दिल्या. म्हणाले, "काम नीटनेटकं केलंस."

मी म्हटलं, भट्टी पाठीवरून काढून बाजूला, पुढच्या अंगाला बसवावी लागेल. तोवर गाड्या थांबवायला हव्यात.

"नमुना बदलायचा म्हणजे कारखान्याचे साचे बदलायचे. ते आत्ता होणार नाही."

"मग सरकारला कळवू."

"सरकारने भट्टीला मंजुरी दिली आहे, पडद्याला नाही. पडदा दादासोंचा. उघड्या गाडीत माझी भट्टी निर्धोक आहे."

"पण सर, आपण तिला मंजुरी दिली तेव्हा त्याच गाडीला पडदा होता."

"मी अहवाल पाहून मंजुरी दिली." ते अगदी शांतपणे बोलत होते, वर्गात बोलतात तसे. "अहवालात मागच्या कप्प्याविषयी काही नव्हतं. चाचणी तुझी होती, विनोदिनी. सही तुझी आहे. हे बाहेर गेलं तर लोक पहिल्यांदा कुणाला विचारतील? मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

माई चहा घेऊन आल्या. पुण्याच्या गोष्टी सांगत बसल्या. भावाने नवी पेट्रोलची गाडी लढाईआधी घेतली होती, ती अजून थोडीफार चालते. तिच्यातून सगळे महाबळेश्वरला जाऊन आले. मी विचारलं, तुम्हाला लागली नाही? "छे गं! सबंध घाटात मीच गाणी म्हणत होते. मला कुठं मोटार लागते? ती आपली कोळशाचीच नको म्हणतात हे. गेल्या उन्हाळ्यापासून पाऊल ठेवू देत नाहीत."

सर चहा पीत होते. बशी खाली ठेवून माईंना म्हणाले, "साखर कमी पडली."

त्यांना कामाच्या धावपळीत मला सांगायचं राहून गेलं असेल. गेल्या उन्हाळ्यापासून राहून गेलं असेल.

गुरुवार, २८ जानेवारी

दादासोंकडे गेले. निदान गाडी उभी असताना झडपा सोडा, पडदा वर करा, एवढंच मागितलं.

"बाई, तुमी शिकल्याल्या," ते म्हणाले. "तुमी गड्यांत बसता, तुमास्नी कोन काय म्हनत न्हाई. आमच्या लेकीसुनांची त्वांडं त्या थांब्यावर उंडग्यांनी बगायची व्हय? पडदा काडला तर उद्यापासनं एक बाई चढायची न्हाई माझ्या गाडीत."

मी म्हटलं, एक गेली आहे. सातव्या महिन्यातली.

त्यांनी मान खाली घातली. वाईट माणूस नाही. "त्या पोरीच्या दिवसाला मी सवता गेलतो. पन बाधा हुती ती. नारळ दिलाय आमी. आन तुमचंच साहेब सांगत्यात की भट्टी निर्धोक हाय. मी अडानी मानूस, मी कुनाचं ऐकू, तुमचं का तुमच्या गुरूचं?"

महिन्याभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

रात्री अण्णांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, एकतरी माणूस म्हणेल की बरोबर करते आहेस. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताम्हनकरांनी तुला उभी केली. त्यांच्याच दारात जाऊन त्यांचं नाव घालवायचं, हा कृतघ्नपणा होईल. आणि तुझी नोकरी? तुझं लग्न जमवायचंय मला." लहानपणी वजाबाकीत एक चुकला तर हेच अण्णा मला जेवायला बसू देत नसत.

रविवार, ३१ जानेवारी

रंगूबाईंच्या गावी गेले, इथून दोन कोसांवर. वाटलं, निदान त्यांना खरं कारण कळावं. त्या चिंचेचा, बाधेचा धसका जावा. हे चांगलं काम आहे, अशा समजुतीने मी गेले.

त्या गोठ्यासमोर बसल्या होत्या. मी सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. कोळशाचा गॅस, वास नसलेला. गाडी उभी राहिली की बाहेर येतो. झडपा बंद असल्या की आत कोंडतो. उघड्या असत्या तर विरून गेला असता.

त्यांनी पुरं ऐकलं. मग म्हणाल्या, "मंजी बाधा नव्हं?"

"नाही."

"पडदा म्या धरला हुता. ती म्हनत हुती, आत्ती, जीव घाबरतोय, वाईच झडप सोडा. म्या म्हनलं, गप, बगंल ते. म्या कड दाबून धरली, ह्या हातानं." त्यांनी हात पुढे केला. "मंजी म्या मारली व्हय गं तिला? मी सयाजीला बाधा झाली म्हनून कळीवलंया. आता काय कळवू?"

मी गॅसविषयी सांगायला गेले होते. त्यांना ऐकू आलं ते हे. मी म्हटलं, तुमची चूक नाही, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग सांगायचं कुनी हुतं?"

त्या उठून आत गेल्या आणि दाराला कडी लागल्याचा आवाज आला. शेजारच्या बाईने मला विचारलं, "काय सांगितलंसा वो तिला? उगं दोन घास खाय लागली हुती."

बुधवार, ३ फेब्रुवारी

आगगाडीने सातारा. कचेरीत सरांच्या जागी नवे साहेब आहेत. तरुण, सभ्य, टेबलाच्या पलीकडून उठून मला खुर्ची दिली. पट्ट्या बघितल्या. घाबरले असावेत. दार लावून घेतलं.

त्यांचं म्हणणं असं. आधीच्या अधिकाऱ्याने दिलेली मंजुरी त्यांना नुसत्या पट्ट्यांवरून थांबवता येत नाही. ज्याने चाचणी घेतली त्याने येऊन शपथेवर सांगितलं की चाचणी मी नीट घेतली नव्हती, तर मात्र मंजुरी त्याच दिवशी गोठवता येते.

"अपुरी होती असं म्हटलं तर?"

"अपुऱ्या चाचण्या सगळ्याच असतात, बाई. त्यावर मोटारी थांबत नाहीत. आणि एखादी बाई हवी, त्या कप्प्यात बसलेली, काय झालं ते सांगणारी. पण पडद्यातली बाई कचेरीत येऊन बोलेल का?" हे म्हणताना ते हसले नाहीत, पण उत्तराची वाटही पाहिली नाही.

कारखान्यातून नव्या भट्ट्या या महिन्याच्या मध्यावर निघतील. सगळ्या पाठीला बसवायच्या.

येताना हिशेब केला. मी चाचणी नीट घेतली नाही असं शपथेवर म्हटलं की माझा प्रबंध गेला, कारण तो त्याच आकड्यांवर उभा आहे. कॉलेजातला कोपरा गेला, कारखाना गेला. सरकारात अशा बाईला कोण घेणार? सरांना तिन्ही ठिकाणी मान आहे. मला तिन्ही दारं बंद होतील. आणि सर? सर म्हणतील, मला वाईट वाटतं, मुलगी हुशार होती.

शनिवार, ६ फेब्रुवारी

दुपारी रंगूबाई आल्या. एकट्या, चालत, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. अण्णा ओसरीवर होते, ते उठून आत गेले. परवापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

मी पाणी दिलं. त्या पायरीवरच बसल्या. मी त्यांना साहेबांनी काय सांगितलं ते सांगितलं, माझं काय जाईल तेही सांगितलं. लपवून काही करायचं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "त्यो साहेब, बाप्याच हाय न्हवं?"

"हो."

"आनि माजं नाव लिवून घील?"

"नाव, गाव, आणि तुम्ही सांगाल ते."

"मग म्या पडदा धरला हुता, ह्ये बी लिवाय सांगीन." त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "माजी थोरली जाऊ, तिची बी सून पोटुशी हाय. येत्या शुक्रवारी तिला त्याच गाडीनं न्यायचं म्हनत्यात. म्या सांगितलं, नगा. तर म्हनाल्या, रंगू, तुजं डोस्कं फिरलंया. त्यास्नी म्या सांगून पटत न्हाई. सरकारच्या कागदावर आलं तर पटंल."

मी म्हटलं, आगगाडीने जाऊ, मी तिकीट काढते.

"न्हाई. त्येच गाडीनं जायाचं. म्होरं बसायचं, तुमी बसता तितं, गड्यांत. त्वांड उगडं ठिवून." त्यांनी पदर मागे सारला. त्यांचा चेहरा मी आज पहिल्यांदा नीट पाहिला. "दादासोला म्हनावं, बग. एक घरंदाज बाई म्होरं बसली. मेली न्हाई."

त्या गेल्यावर शपथेचं वाक्य लिहून पाहिलं. 'मी ती चाचणी नीट घेतली नाही.' पहिल्यांदा लिहिलं तेव्हा वाटलं, हे खोटं आहे. सरांनी सांगितलं तेवढं सगळं मी चोख केलं होतं. एकही आकडा चुकीचा नाही. शपथेवर खोटं बोलायचं, तेही माझ्यासारखीने? मग चाचणीच्या दिवसाचं आठवलं. मी पुढे बसून मापकं वाचत होते, आणि पाठीमागे एका पडद्यापलीकडे माझ्यासारख्याच बायका श्वास घेत होत्या. मी मागे वळून पाहिलं नव्हतं. वाक्य बदललं नाही.

सरांना आधी सांगायचं की नाही, यावर सगळी संध्याकाळ गेली. सांगितलं नाही तर ते विश्वासघात म्हणतील. सांगितलं तर ते मला समजावतील, आणि मला भीती वाटते की मला समजेल. सांगणार नाही.

साहेब मंगळवारी कचेरीत असतात. रंगूबाई सोमवारी संध्याकाळीच इथे मुक्कामाला येतील. दादासो पुढे बसू देणार नाहीत, भांडण होईल, गाडी उशिरा सुटेल. तरीही त्याच गाडीने. मंगळवार, ९ फेब्रुवारी १९४३.